पीएच नॉर्मल, मग माणूस एवढा आजारी कसा?

गेल्या महिन्यात या सदरात यकृत निकामी होण्याबद्दल लिहिलं आणि जाता जाता म्हणून गेले की आयसीयूत आमची अर्धी रात्र एबीजीच्या चिठ्ठीभोवती जाते. (एबीजी म्हणजे धमनीतून घेतलेल्या रक्तातलं आम्ल, अल्कली आणि वायू मोजणारी तपासणी. त्यातला पीएच हा आकडा आम्ल वाढलं की उतरतो, अल्कली वाढली की चढतो.) ते एक वाक्य महागात पडलं. बहुतेक पत्रं त्या चिठ्ठीवरच आली आहेत. कुणी फोटो पाठवलेत, तर एका बाईंनी नऊ दिवसांच्या चिठ्ठ्या तारखेनिशी कागदावर चिकटवून पाठवल्यात. त्यातल्या पहिल्या तीन पार पुसल्या गेल्यात, कारण तो कागद उष्णतेवर छापणारा असतो आणि त्यावरची अक्षरं टिकत नाहीत. जपून ठेवायच्या असतील तर त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवा. आता पत्रांकडे वळते.

प्रश्न : माझे थोरले भाऊ लिव्हर सिरॉसिसने आजारी होते. पोटात पाणी झालं, त्यात जंतुसंसर्ग झाला आणि आयसीयूत हलवलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, प्रकृती फार गंभीर आहे, रक्तात आम्ल वाढतंय. त्याच सकाळची चिठ्ठी पुतण्याने पाहिली, तर पीएच ७.४०. त्याने शोधलं, ७.३५ ते ७.४५ म्हणजे नॉर्मल. त्यावरून डॉक्टरांशी आमचं थोडं वाजलंच. भाऊ सहाव्या दिवशी गेले. दीड वर्ष झालं, पण मनातून जात नाही. आम्हाला चुकीचं सांगितलं गेलं होतं का? बाकीचे आकडे असे : कार्बन डायऑक्साइड २८, बायकार्बोनेट (रक्तातली अल्कली) १७, लॅक्टेट ६.८, सोडियम १३४, क्लोराइड १०२, अल्ब्युमिन १.९.

उत्तर : नाही, चुकीचं सांगितलं गेलं नव्हतं. भावांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे उपचारांबद्दल बोलणार नाही. पण तुम्ही पाठवलेले आकडे एकमेकांशी बरोबर जुळतात आणि ते अत्यवस्थ माणसाचेच आहेत. पुतण्याने पीएच वाचला तो बरोबर वाचला. फक्त तेवढाच वाचला.

रस्सीखेचीत दोरीच्या मधोमध रुमाल बांधतात. रुमाल जागचा हलत नसेल तर दोन शक्यता असतात. एक तर अजून कुणी दोरी ओढायला घेतलेलीच नाही, किंवा दोन्ही बाजू जीव खाऊन ओढताहेत. पीएच म्हणजे तो रुमाल. तुमचा-माझा ७.४० पहिल्या प्रकारचा, तुमच्या भावांचा दुसऱ्या.

आम्लाच्या बाजूने कोण ओढत होतं ते चिठ्ठीच्या तळाशी छापलेलं असतं : लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचं रक्तातलं रूप. निरोगी माणसात ते २ च्या आत राहतं. शरीरातल्या पेशी ते सतत बनवत असतात. जंतुसंसर्ग झाला, रक्तदाब पडला, पेशींना प्राणवायू पोचेनासा झाला की जास्त बनवतात. हे लॅक्टेट उचलून त्यापासून पुन्हा साखर बनवायचं मोठं काम यकृताचं, उरलेलं बरंचसं मूत्रपिंडांचं. स्नायूंकडून यकृताकडे आणि तिथून साखर होऊन परत, ही फेरी कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्याने उलगडली. १९४७ च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता. सिरॉसिसमध्ये जंतुसंसर्ग झाला की नळ पूर्ण उघडा आणि मोरी तुंबलेली, अशी गत होते. ६.८ हा आकडा त्या साचलेल्या पाण्याचा आहे.

मग रुमाल सरकला का नाही? कारण अल्कलीच्या बाजूने ओढणारेही यकृताच्या आजारातूनच तयार होतात.

पहिला ओढणारा श्वास. यकृत बिघडलं की अमोनिया साचतो, प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरकंही नीट मोडली जात नाहीत, आणि दोन्ही मेंदूतल्या श्वसनकेंद्राला डिवचतात. माणूस नकळत भराभर श्वास घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत राहतो. तो ३५ ते ४५ असायला हवा, भावांचा २८ होता. त्यातलं काही साचलेल्या आम्लाला शरीराने दिलेलं उत्तरही असणार. यकृताच्या रुग्णांत सर्वांत जास्त आढळणारा बिघाड हाच, श्वासामुळे येणारी अल्कलोसिस, म्हणजे रक्त अल्कलीकडे झुकणं. नातेवाईक सांगतात, "घाबरलेत हो, म्हणून धाप लागतेय." घाबरलेले असतातही, पण धाप त्याची नसते.

दुसरा अल्ब्युमिन. हे यकृतात बनणारं प्रथिन स्वतः सौम्य आम्ल असतं. ते ४ च्या आसपास असायला हवं. १.९ वर आलं म्हणजे रक्तातून तेवढं आम्ल वजा झालं आणि पारडं अल्कलीकडे झुकलं. यात आनंद मानण्यासारखं काही नाही, कारखाना बंद पडल्याची ती खूण आहे.

तिसरा युरिया. अमोनियाचा युरिया बनवताना यकृत बायकार्बोनेट खर्च करतं. हे युरियाचं चक्र क्रेब्ज आणि हेन्झेलाइट यांनी १९३२ मध्ये मांडलं. चक्र मंदावलं की अमोनिया साचतो, पण बायकार्बोनेट वाचतं. शिवाय पोटातलं पाणी कमी करायला लघवीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांतल्या काही त्याच दिशेला ओढतात.

अल्ब्युमिन कमी झाल्याने आणखी एक फसगत होते. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केले की जी बाकी उरते, तिला आम्ही ॲनायन गॅप म्हणतो. ती वाढली की कुठलं तरी जादा आम्ल रक्तात लपलंय असं समजायचं. भावांची बाकी येते १५. घाईत वाचणारा म्हणेल, फार काही नाही. पण अल्ब्युमिन ४ पेक्षा जितके ग्रॅम कमी, त्या प्रत्येक ग्रॅममागे अडीच मिळवायचे असतात. इथे सव्वापाच मिळवले की बाकी होते २० च्या वर. आता लपलेलं उघडं झालं. व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये पॅरासिटामॉलव्यतिरिक्त इतर कारणांनी यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णांत हेच मोजून दाखवलं होतं : लॅक्टेटचं आम्ल आणि अल्ब्युमिनच्या अभावाची अल्कली एकमेकांना खाऊन टाकतात आणि पीएच साळसूदासारखा मधोमध उभा राहतो.

आता माझी गोष्ट सांगते, म्हणजे पुतण्यावर कुणी रागावणार नाही. मी निवासी डॉक्टर होते तेव्हाची. रुग्णालय कुठलं ते राहू दे. चाळिशीच्या एक बाई, यकृत अचानक निकामी झालेलं, गुंगीत. चिठ्ठीवर पीएच ७.४२, कार्बन डायऑक्साइड २४, बायकार्बोनेट १५, लॅक्टेट ९. गुंगी वाढत चालली होती, उलटी श्वासनलिकेत जाईल म्हणून व्हेंटिलेटरवर घ्यायचं ठरलं. घेतलं. झोपेचं औषध दिलं, नळी बसली, आणि मी सवयीने मिनिटाला १४ श्वास लावून मोकळी झाले. वीस मिनिटांत रक्तदाब पडला. नव्या चिठ्ठीवर बायकार्बोनेट तेच, १५. कार्बन डायऑक्साइड ४१. पीएच ७.१९.

त्या बाईंच्या रक्तात वीस मिनिटांत नवं आम्ल काही फारसं तयार झालं नव्हतं. त्या स्वतःच्या बळावर मिनिटाला तीस-बत्तीस श्वास घेऊन रुमाल जागेवर धरून होत्या आणि मी त्यांच्या हातातली दोरी काढून घेतली होती. वरिष्ठ आल्या, चिठ्ठी पाहिली, यंत्राची कळ २६ वर नेली आणि एवढंच म्हणाल्या, "ती स्वतः घेत होती तेवढा तरी श्वास तिला दे." अशा रुग्णात मेंदूला सूज येण्याचा धोका असतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतला रक्तप्रवाह वाढून ती सूज आणखी चढते, ही भर वेगळीच. बाई त्या रात्री तरल्या. चार दिवसांनी गेल्या. ती चिठ्ठी मी बरीच वर्षं पाकिटात ठेवली होती. आता कोरा कागद उरलाय.

मी डॉक्टर होऊन सगळे आकडे समोर असताना फसले. पुतण्याने एका आकड्यावरून वाद घातला त्याचं काय एवढं!

प्रश्न : वडिलांचं एसजीपीटी ४८०० होतं, चार दिवसांत ६५० वर आलं. आम्हाला वाटलं, सुटलो. डॉक्टर मात्र म्हणतात, एवढ्यावर काही सांगता येत नाही. ते मुद्दाम हातचं राखून बोलतात का?

उत्तर : एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतलं एन्झाइम, म्हणजे पेशी फुटल्यावर रक्तात सांडणारा माल. यकृत काम किती करतंय हे तो सांगत नाही, मोडतोड किती झाली एवढंच सांगतो. मोडतोड थांबली तरी आकडा उतरतो आणि मोडण्यासारखं काही शिल्लक उरलं नाही तरी उतरतो. रक्तात असलेलं एसजीपीटी निम्मं व्हायला साधारण दोन दिवस लागतात, त्यामुळे चार दिवसांतली बरीचशी उतरण आपोआपही होते.

ती उतरण कुठल्या जातीची हे ओळखायला सोबतीला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, यकृत थकलं की तो चढतो), लॅक्टेट आणि रक्तातली साखर बघायची. रक्तदाब फार पडल्यामुळे यकृताला धक्का बसलेला असेल तर एन्झाइम हजारांत चढतात, आणि रक्ताभिसरण सुधारलं की एन्झाइम, आयएनआर, लॅक्टेट तिन्ही हातात हात घालून उतरतात. ते चांगलं. एन्झाइम उतरतायत, पण आयएनआर चढतोय, कावीळ गडद होतेय, साखर सारखी खाली जातेय आणि लॅक्टेट हलत नाहीये, ते वाईट. डॉक्टरांना एसजीपीटी विचारूच नका. "आयएनआर कालच्यापेक्षा कुठे आहे?" असं विचारा.

प्रश्न : मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक. पीएच ७.४ वरून ७.१ झाला म्हणून एवढी धावपळ कशासाठी, असं नातेवाईकांना वाटतं. लॉगॅरिदम समजावून सांगावा का?

उत्तर : सर, जरूर सांगा, पण आकड्यांत सांगा. पीएच ७.४ ला रक्तात हायड्रोजन आयन लिटरमागे ४० नॅनोमोल असतात, ७.१ ला ८०. म्हणजे दुप्पट. ताप ३७ वरून ७४ झाला असं कुणी म्हणालं तर कुणी 'एवढंच ना' म्हणणार नाही. (तुम्ही आता म्हणाल की तुलना शास्त्रीय नाही. नाहीच.)

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट या चिठ्ठीच्या जन्माचीच आहे. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयानक साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं पटापट जात होती. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट खूप वाढलेलं दिसायचं आणि डॉक्टर गोंधळायचे, ही कसली गूढ अल्कलोसिस? कारण मोजता यायचा तो रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड, आणि तो बराचसा बायकार्बोनेटच्या रूपात असतो. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सांगितलं की हे उलटं आहे : मुलांना श्वास बाहेर टाकता येत नाही म्हणून कार्बन डायऑक्साइड साचलाय, रक्त आम्लाकडे गेलंय आणि बायकार्बोनेट त्याच्या पाठोपाठ चढलंय. ऑगस्टमध्ये एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली, हाताने पिशवी दाबून श्वास दिला, आणि ती वाचली. मग शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. प्रयोगशाळा सांभाळणारे पॉल ॲस्ट्रप रक्ताचा पीएच मोजायच्या मागे लागले, आणि आजच्या एबीजी यंत्राचा वंश तिथपर्यंत जातो. आयसीयूचा वंशही.

तिथेही फसगत एकच आकडा वाचल्यामुळे झाली होती, हे वरच्या पत्रातल्या पुतण्याला दाखवायला हरकत नाही.

प्रश्न : मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पेशंटचं लॅक्टेट ७ होतं आणि ऑर्डर होती आरएल या सलाइनची. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट! आम्हीच लॅक्टेट घालतोय का? सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, दिलंय ते लाव.

उत्तर : प्रश्न झकास आहे, आणि सिस्टरांच्या हातात त्या वेळी तीन कामं असणार. आधी हे पाहा : आरएलमध्ये लॅक्टेट लिटरला २८ मिलिमोल, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत १४. आपलं शरीर दिवसाला हजाराच्या वर मिलिमोल लॅक्टेट स्वतःच बनवतं आणि संपवतं. समुद्रात तांब्या रिकामा केल्यासारखं आहे. शिवाय बाटलीत लॅक्टिक आम्ल नसतं, सोडियम लॅक्टेट असतं. यकृताने ते वापरलं की उलट बायकार्बोनेट तयार होतं.

दुसऱ्या बाजूला एनएसची, म्हणजे साध्या मिठाच्या सलाइनची बाटली बघ. तिच्यात क्लोराइड १५४, रक्तात असतं शंभराच्या आसपास. लिटरांवर लिटर एनएस चढवलं की क्लोराइड वाढून त्याचीच ॲसिडोसिस होते, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकतं, आणि मग चिठ्ठी बघून वाटतं रुग्ण बिघडला. बिघडवलेला असतो आपणच.

पण तुझी शंका अगदीच बिनबुडाची नाही. यकृत पार कोलमडलेलं असेल तर बाटलीतलं लॅक्टेट वापरलं जात नाही, आणि रुग्णाचं स्वतःचं किती आणि आपण दिलेलं किती हे कळेनासं होतं. अशा वेळी मी लॅक्टेटऐवजी ॲसिटेट असलेलं सलाइन घेते, ते स्नायूही वापरू शकतात. तुझ्या रुग्णाचं यकृत कोणत्या अवस्थेत होतं ते पत्रात नाही. पुढच्या वेळी ऑर्डर देणाऱ्या डॉक्टरांना हेच विचार, बाटली लावून झाल्यावर.

प्रश्न : रक्तात आम्ल वाढलंय तर सोडा बायकार्ब देऊन ते मारून का टाकत नाहीत? आईच्या वेळी आम्ही तीनदा विचारलं. दिलं नाही.

उत्तर : चिठ्ठी सुधारते, रुग्ण सुधारेलच असं नाही. सोडा बायकार्ब आम्लाशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो श्वासावाटे बाहेर पडावा लागतो. रुग्ण आधीच दमला असेल तर तो साचतो आणि पेशींच्या आत शिरून तिथे आम्ल वाढवतो. रक्तातलं कामाचं कॅल्शियम खाली येतं, पोटॅशियमही उतरतं, सोडियमचा बोजा पडतो. यकृताच्या रुग्णात आणखी एक भानगड आहे : रक्त अल्कलीकडे गेलं की अमोनियाचा जो अंश मेंदूत सहज शिरतो तो वाढतो. पोटॅशियम उतरलं की मूत्रपिंड स्वतः जास्त अमोनिया बनवू लागतं. म्हणजे आम्ल मारायला जावं आणि गुंगी वाढवून यावं.

तरी सरसकट नाही म्हणणारी मी नाही. फ्रान्समधल्या आयसीयूंमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पीएच ७.२० किंवा त्याखाली गेलेल्या रुग्णांना बायकार्ब दिलं होतं. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर फरक पडला नाही, पण ज्यांची मूत्रपिंडं बरीच बिघडलेली होती त्यांना फायदा दिसला. मीही ते अशाच वेळी देते, विशेषतः डायलिसिस सुरू व्हायला वेळ असेल तर. आणि लॅक्ट्युलोजने (अमोनिया बाहेर काढायला देतात ते जुलाबाचं औषध) जुलाब जास्त होऊन बायकार्बोनेट वाहून गेलेलं असेल तर तिथे ते द्यायलाच हवं, कारण तिथे खरंच ते कमी पडलेलं असतं. तुमच्या आईंच्या बाबतीत कारण लॅक्टेट होतं की जुलाब, हे पत्रावरून कळत नाही. लॅक्टेट असेल तर औषध बाटलीत नसतं. जंतुसंसर्ग मोडायचा, रक्तदाब सावरायचा, कुठे रक्तस्राव असेल तर थांबवायचा, आणि मूत्रपिंडं थकली असतील तर चोवीस तास सावकाश चालणारं डायलिसिस लावायचं, त्याने आम्लही जातं आणि अमोनियाही.

प्रश्न : अल्कलाइन पाणी प्यायल्याने यकृताच्या रुग्णाचं रक्त आम्लाकडे जाणं टळेल का?

उत्तर : नाही. जठरात पोचल्या पोचल्या त्याची अल्कली संपते. पोटात पाणी झालेल्या रुग्णाने रोज किती प्यायचं, हे मात्र डॉक्टरांना विचारा. तो प्रश्न खरा आहे.

प्रश्न : डॉक्टर टक्केवारी का सांगत नाहीत? आम्ही अडाणी नाही. वाचतील की नाही, एवढाच प्रश्न असतो.

उत्तर : माझ्याकडे टक्केवारी असते, ती सांगायला लाज नाही. अडचण अशी की ती वेगवेगळ्या आजारांची वेगवेगळी असते आणि एका आजाराचा आकडा दुसऱ्याला लावला की घोटाळा होतो.

पॅरासिटामॉल जास्त घेतल्याने यकृत अचानक निकामी झालं असेल तर लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलचे निकष १९८९ पासून वापरात आहेत. पुरेसं सलाइन देऊनही पीएच ७.३ च्या खाली राहिला तर प्रत्यारोपणाशिवाय वाचण्याची शक्यता फार कमी, असं धरतात. दुसऱ्या वाटेने आयएनआर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं किती थकली ते सांगणारा आकडा) आणि गुंगीची पायरी असे तिन्ही एकत्र बघतात. २००२ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी लॅक्टेटची भर सुचवली : सुरुवातीला ३.५ च्या वर किंवा सलाइननंतरही ३ च्या वर असेल तर सावध व्हा. इथे पीएच स्वतःच भविष्य सांगतो, कारण अल्कलीच्या बाजूने ओढणाऱ्यांना इतक्या लवकर जोर चढलेला नसतो.

जुन्या सिरॉसिसमध्ये हे निकष लावायचे नाहीत. तिथे मेल्ड स्कोअर, म्हणजे यकृताचा आजार किती गंभीर ते सांगणारा गुणांक चालतो, अमेरिकेत प्रत्यारोपणाची यादी २००२ पासून त्यावर लावतात. त्यात बिलिरुबिन (काविळीचा आकडा), आयएनआर, क्रिएटिनिन आहे, नंतर सोडियमही आलं. पीएच त्यात नाही. आयसीयूत पोचलेल्या सिरॉसिसच्या रुग्णात मी स्वतः दोन गोष्टी बघते : किती अवयव मागे पडलेत आणि लॅक्टेटचा कल. व्हेंटिलेटर, रक्तदाबाचं औषध आणि डायलिसिस, तिन्ही एकाच वेळी लागत असतील आणि लॅक्टेट चढतच असेल, तर मी नातेवाईकांना बाजूला बसवून स्पष्ट सांगते. ज्याच्या रक्तात सगळी ओढाताण असूनही शेवटी तराजू आम्लाकडे झुकला, त्याचं भवितव्य पीएच सावरून धरलेल्यापेक्षा वाईट असतं, हेही खरं. म्हणजे अल्कलीवाले हरलेत.

पण एका लॅक्टेटवर मी निकाल देत नाही. रक्तदाबासाठी ॲड्रिनॅलिनची धार चालू असेल तर ते औषधच लॅक्टेट चढवतं. नुकतीच फिट येऊन गेली असेल तर चढलेलं असतं. नमुना टेबलावर पडून राहिला तरी चढतं, कारण सिरिंजमधल्या रक्तपेशी काम थांबवत नाहीत. सहा तासांनी पुन्हा, मग पुन्हा. ९, ७.५, ५ असं उतरताना दिसलं की मी नर्सला खूण करते. ६, ६.२, ६.१ असं अडून राहिलं की ते मला एकदाच्या ९ पेक्षा जास्त झोंबतं.

रोज विचारायचंच असेल तर तीन गोष्टी विचारा : लॅक्टेट कालच्यापेक्षा किती, रक्तदाबाचं औषध वाढवलं की कमी केलं, लघवी किती झाली. या उत्तरांवरून टक्केवारी तुमची तुम्हालाच कळायला लागते. आणि डॉक्टरांनाही समजतं की समोरचा माणूस ऐकायला तयार आहे.

प्रश्न : यासाठी दिवसातून चार-चार वेळा मनगटात सुई टोचतात. नवऱ्याचे दोन्ही हात काळे-निळे झाले. साध्या शिरेतून रक्त घेतलं तर चालत नाही का?

उत्तर : काही वेळा चालतं. शिरेतल्या रक्ताचा पीएच किंचित कमी येतो, कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त, आणि नुसता कल बघायचा असेल तर तेवढं पुरतं. प्राणवायूचा आकडा मात्र शिरेवरून कळत नाही. दिवसातून चार वेळा लागणार असेल तर मनगटातल्या धमनीत एकदाच बारीक नळी ठेवतात, रक्तदाबही त्यातूनच सतत दिसतो. ती का ठेवली नाही, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. रक्त गोठत नसल्यामुळे टाळली असेल, तर कारण ऐकून घ्या.

काळं-निळं होतं ते बहुतेक वेळा सुईमुळे नाही, नंतर नीट दाबलं न गेल्यामुळे. धमनीत दाब असतो. सुई बरोबर जागी गेली की दट्टा ओढावा लागत नाही, लालभडक रक्त आपोआप सिरिंजमध्ये चढत येतं. तेवढ्याच जोराने ते सुई काढल्यावर कातडीखाली पसरतं. एरवी पाच मिनिटं कापसाचा बोळा दाबून धरला की भागतं. यकृताच्या रुग्णात, आयएनआर वाढलेला असताना, मी दहा मिनिटं धरते, भिंतीवरचं घड्याळ बघून, आणि मधे एकदाही उचलून बघत नाही. नर्सला दुसरीकडे पळावं लागलं तर त्या परवानगी देतील, मग तुम्ही धरा. अंगठ्याने नको, दोन बोटांनी.